नोड्यूल प्रकल्प: कामाच्या नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

३ जून २०२४

सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसातले नोड्यूल, म्हणजे छोट्या गाठी, शोधणारा प्रोग्राम करायचा आहे. त्यासाठीचा लूना१६ हा खुणा केलेल्या स्कॅनचा संच पूर्ण उतरवून झाला. ८८८ सीटी स्कॅन, दहा भागांत, शंभर जीबीच्या वर. कॉलेजच्या नेटला वेग फक्त रात्री असतो, त्यामुळे शनिवार-रविवार मशीन चालूच ठेवलं होतं.

हे स्कॅन मूळचे एलआयडीसी-आयडीआरआय या अमेरिकी संग्रहातले. तिथे १,०१० रुग्णांचे १,०१८ स्कॅन आहेत. लूनाच्या नेदरलँड्समधल्या गटाने त्यातले जाड स्लाइसचे (स्लाइस म्हणजे स्कॅनचा एक आडवा काप) आणि स्लाइस गहाळ असलेले बाजूला काढले, २.५ मिमी किंवा त्याहून पातळ तेवढे ठेवले. खुणा कशा केल्या ते इथे लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रत्येक स्कॅन चार रेडिओलॉजिस्टनी आधी एकमेकांचं न पाहता वाचला. मग प्रत्येकाला बाकी तिघांच्या खुणा, नावं झाकून, दाखवल्या आणि आपलं मत बदलायची मुभा दिली. एकमत झालंच पाहिजे अशी सक्ती नव्हती. ३ मिमी किंवा मोठा नोड्यूल म्हणून किमान एकाने खूण केलेल्या जागा निघाल्या २,६६९. चौघांनीही खूण केलेल्या ९२८.

म्हणजे दुसऱ्यांचं पाहून झाल्यावरसुद्धा जेमतेम एकतृतीयांश जागांवर चौघांचं जमलं. लूनाने चारपैकी तिघांचं मत ग्राह्य धरलं, त्यातून १,१८६ नोड्यूल मिळाले. आपलं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) शिकणार ते हे १,१८६. २,६६९ आणि ९२८ हे दोन आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेत, कोणी पुसू नयेत.

७ जून

पूर्वप्रक्रिया. सीटीतला प्रत्येक आकडा हाउन्सफील्ड एककात असतो: पाणी ०, हवा उणे १०००, फुप्फुसाचा मऊ भाग उणे ८५०च्या आसपास, रक्त-स्नायू ४० ते ६०, हाड काही शेकड्यांपासून पुढे. काही स्कॅनरमध्ये चित्राच्या वर्तुळाबाहेरची रिकामी जागा उणे २००० किंवा त्याहूनही खाली भरलेली असते. ती तशीच राहिली तर सरासरी आणि आकड्यांचं विखुरलेपण दोन्ही बिघडतात. म्हणून आधी उणे १०००च्या खालचं सगळं छाटलं. वरची मर्यादा बहुतेक जण ४०० ठेवतात. आपण ती सध्या ६०० ठेवतोय, कॅल्शियम साठलेल्या जुन्या गाठींची माहिती शक्य तेवढी शाबूत राहावी म्हणून. फरक पडतो का ते कळेलच.

खुणांची यादी मिलिमीटरमध्ये आहे, एक्स-वाय-झेड अशा क्रमाने. फाइल पायथनमध्ये वाचली की अ‍ॅरे मिळतो तो झेड-वाय-एक्स. शिवाय काही स्कॅन उलटे साठवलेले आहेत. त्यांच्या दिशेच्या मॅट्रिक्समध्ये एक्स आणि वायला उणे एक आहे. नेटवर फिरणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्टमध्ये ही तपासणीच नाही. अशा स्कॅनवर नोड्यूलची खूण बरोबर विरुद्ध बाजूला, निरोगी फुप्फुसात जाऊन बसते, आणि प्रोग्राम कसलीही तक्रार करत नाही. नियम ठरला: प्रत्येक भागातले काही स्कॅन खुणांसकट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ट्रेनिंगला हात लावायचा नाही.

१४ जून

फुप्फुस वेगळं काढण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे उणे ४००च्या आसपास सीमा धरायची, शरीराबाहेरची हवा काढून टाकायची, उरलेले दोन मोठे तुकडे ठेवायचे. दिसायला छान. पण छातीच्या भिंतीला चिकटलेला नोड्यूल भिंतीच्याच घनतेचा असतो, म्हणून मास्क (फुप्फुसाचा असा काढलेला साचा) त्याला भिंत समजून बाहेर टाकतो. ज्याला शोधायचं तोच शोध सुरू होण्याआधी हद्दपार. मास्कची कड गोल घासून भरून घेतली तर बरेच परत येतात, पण ती त्रिज्या वाढवली की बरगड्या आत येतात.

आता मास्कने काही कापायचं नाही. नेटवर्कला सगळी छाती दाखवायची, आणि मास्क फक्त शेवटी, शरीराच्या फार बाहेर पडलेल्या खुणा काढायला वापरायचा. गणनेचा वेळ वाढेल. चालेल.

२४ जून

रचना ठरवायची बैठक बराच वेळ चालली.

एक मार्ग जुन्या वळणाचा: आधी संशयित जागा काढायच्या, मग प्रत्येक जागेचा छोटा घन कापून दुसऱ्या नेटवर्ककडून होय-नाही विचारायचं. लूनाने तयार संशयित जागांची यादीही दिली आहे. त्यात ५,५१,०६५ जागा आणि खऱ्या नोड्यूलच्या १,३५१ (एकाच नोड्यूलवर एकाहून जास्त पडलेल्या धरून). चारशेमागे एक. सगळ्याला "नाही" म्हणणारा प्रोग्राम इथे ९९.७५ टक्के अचूक ठरतो. आमच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात नेमका हाच आकडा आनंदाने आणून दाखवला होता, त्यामुळे अचूकता हा शब्द या खोलीत आता कोणी वापरत नाही.

दुसरा मार्ग: त्रिमितीय रेटिनानेट, म्हणजे चित्रातल्या वस्तू एकाच टप्प्यात शोधणारं नेटवर्क. मोनाय या मुक्तस्रोत संचात त्याचं लूनावरचं उदाहरण आहे. व्हॉक्सेल (त्रिमितीय पिक्सेल) ०.७ × ०.७ × १.२५ मिमी, तुकडा १९२ × १९२ × ८०. म्हणजे एका वेळी साधारण १३५ × १३५ × १०० मिमीचा छातीचा भाग. आमच्या २४ जीबीच्या एकुलत्या ग्राफिक्स कार्डात हे बसतं, दाटीवाटीने. हाच घेतला.

असमतोल इथेही आहेच, उलट जास्त. ५ मिमी व्यासाच्या गोलाचं घनफळ सुमारे ६५ घनमिमी. श्वास भरून घेतलेल्या दोन्ही फुप्फुसांचं मिळून ५० लाख घनमिमीच्या आसपास. रेटिनानेटबरोबर २०१७ मध्ये आलेला फोकल लॉस (लॉस म्हणजे शिकताना चूक मोजायचं सूत्र) याच दुखण्यावरचा उपाय: ज्या जागेबद्दल नेटवर्कला आधीच ९० टक्के खात्री आहे, तिच्या चुकीचं वजन शंभरांश होतं, जिथे खात्री निम्मी, तिथे पाव. सोपी, रिकामी फुप्फुसं आपोआप गप्प बसतात आणि शिकणं अवघड जागांवर होतं.

मोनायची तयार वजनं (आधीच शिकलेल्या नेटवर्कचे आकडे) मात्र घ्यायची नाहीत. ती लूनाच्याच भागांवर शिकलेली आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करून लूनाच्याच दुसऱ्या भागावर परीक्षा घेतली तर पेपर आधीच फुटलेला. विभागणीही रुग्णानुसार, कारण मूळ संग्रहात काहींचे दोन-दोन स्कॅन आहेत.

२ जुलै

रात्री वीज गेली, यूपीएस कार्डाच्या ओझ्याने अर्ध्या तासात बसला. चेकपॉइंट, म्हणजे तोवर शिकलेलं साठवणं, आता दर एपॉकला (सगळ्या स्कॅनच्या दर फेरीला). पावसाळाभर असंच चालणार.

१५ जुलै

दहापैकी पहिल्या भागावरचे निकाल. लूनाचं मोजमाप असं: एका स्कॅनमागे सरासरी किती खोट्या खुणा चालवून घ्यायच्या ते ठरवायचं (आठांश, पाव, अर्धी, १, २, ४, ८) आणि प्रत्येक ठिकाणी खऱ्यांपैकी किती टक्के सापडले ते पाहायचं. या सात आकड्यांची सरासरी म्हणजे गुण. आमचं चित्र अपेक्षेसारखंच: ८ खोट्या खुणा सोसल्या तर जवळपास सगळे हाती येतात, आठांशवर, म्हणजे आठ स्कॅनमध्ये मिळून एकच खोटी खूण चालणार म्हटलं की चांगलीच घसरण.

यात एक बारकावा आहे. ज्या जागांवर एकाने किंवा दोघांनीच खूण केली, ३ मिमीहून लहान नोड्यूल, आणि नोड्यूल नसलेल्या पण खूण केलेल्या जागा, या सगळ्यांची वेगळी यादी आहे. तिथे आपली खूण पडली तर ती बरोबरही धरत नाहीत आणि चूकही. स्पर्धेसाठी न्याय्य आहे. पण रुग्णालयात अशी यादी कोण देणार? तिथे या प्रत्येक खुणेकडे एका माणसाला पाहावं लागेल. म्हणून ही यादी काढून टाकूनही वक्र काढला. तो बराच खाली आला. दोन्ही आलेख शेजारीशेजारी लावलेत.

२२ जुलै

मिरजेच्या रुग्णालयाच्या नैतिकता समितीचं पत्र आलं. मागचे, नाव काढून टाकलेले स्कॅन संशोधनासाठी वापरायला परवानगी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०२३ ची एआयबाबतची मार्गदर्शक तत्त्वं समितीने बारकाईने वाचलेली दिसली. ओळख-चावी (कोणता स्कॅन कोणाचा ती यादी) रुग्णालयातच राहील, आमच्याकडे येणार नाही, ही अट आम्हालाही सोयीची.

नाव काढणं वाटतं तेवढं सरळ नाही. डायकॉम (वैद्यकीय चित्रांच्या) फाइलमधलं नाव, नंबर, जन्मतारीख हे सगळ्यांना आठवतं. उत्पादकांचे खासगी टॅग विसरतात. आणि डोस रिपोर्टचं पान विसरतात, जे चित्र म्हणून साठवलेलं असतं आणि त्यावर रुग्णाचं नाव चक्क पिक्सेलमध्ये छापलेलं असतं. अशी दुय्यम चित्रं सरसकट वगळली. तारखा पुसण्याऐवजी सरकवल्या: एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी मागे. दोन स्कॅनमधलं अंतर त्यामुळे शाबूत राहतं. रुग्णालयाच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी हे आवर्जून सांगितलं होतं, तेव्हा कारण नीट कळलं नव्हतं.

६ ऑगस्ट

स्थानिक स्कॅनची पहिली खेप. बहुतेक ५ मिमी स्लाइसचे. मॉडेल त्यांच्यावर आंधळं आहे, आणि त्याला बोल लावता येत नाही. गणित करून पाहिलं. ४ मिमीचा भरीव नोड्यूल, घनता ४०, भोवती उणे ८५०चं फुप्फुस. तो पूर्ण एका ५ मिमी स्लाइसमध्ये बसला तर मधल्या पिक्सेलची किंमत येते उणे १३८. दोन स्लाइसमध्ये अर्धा-अर्धा वाटला गेला तर दोन्हीकडे उणे ४९४. भरीव गाठ पुसट धुक्यासारखी दिसते, आणि तेही नशीब चांगलं असेल तर.

टेक्निशियनना विचारलं, मशीन तर पातळ स्लाइस देऊ शकतं ना? "देतं की सर. पण स्टोरेज कुठाय? आणि रॉ डेटा काय महिनाभर राहत नाही, नवीन पेशंट आले की जुना उडतो." म्हणजे मागच्या स्कॅनमधून पातळ स्लाइस काढणं आता अशक्य. स्कॅन झाल्याझाल्या, रॉ डेटा मशीनवर असेपर्यंतच सांगायला हवं. छातीच्या प्रत्येक स्कॅनचं १ मिमीचं पुनर्रचित रूप वेगळ्या डिस्कवर टाकायचं ठरलं. डिस्क आम्ही घेऊन देणार. मात्र हे आता पुढे होणारे स्कॅन असल्याने समितीला तसं कळवून मान्यता घ्यावी लागेल. पत्र आजच टाकलं.

पूर्ण प्रकल्पात सर्वांत जास्त फायदा देणारा खर्च बहुधा हाच असेल. लॉस फंक्शनवर घातलेल्या आठवड्यांपेक्षा नक्कीच.

२९ ऑगस्ट

मान्यता मिळाली. १ मिमीचे पहिले स्कॅन आले, मॉडेल चालवलं, आणि मॅडम शेजारी बसून एकेक पाहत गेल्या. सविस्तर लिहितो.

पहिला स्कॅन ठीक. दोन खुणा, एक खरी, एक रक्तवाहिनीला फाटा फुटतो ती जागा. दुसऱ्यात उजव्या फुप्फुसाच्या शिखराला, म्हणजे वरच्या टोकाला, खुणांचा नुसता पाऊस. मॅडम हसल्या. "अहो सर, हे ओल्ड कॉक्स आहे. टीबी होऊन गेलेला, भरून आलेला. इथल्या पन्नाशीपुढच्या माणसाचं शिखर स्वच्छ असलं तर मी दोनदा बघते." आकुंचलेला वरचा खंड, ओढलेल्या श्वासनलिका, आजूबाजूला कॅल्शियमचे कण. मॉडेलच्या दृष्टीने मात्र प्रत्येक कण एक गोल, घट्ट, भोवतीपेक्षा उजळ वस्तू. त्याला शिकवलंय तेच ते सांगतंय.

अमेरिकेत टीबीचे नवे रुग्ण वर्षाला लाखात तीनच्या आसपास, भारतात लाखात दोनशेच्या आसपास. संग्रहात अमेरिकी छात्या आहेत. (तिथे ओहायो-मिसिसिपी खोऱ्यात हिस्टोप्लाझ्मा बुरशीमुळे होणारे ग्रॅन्युलोमा असतात, म्हणजे जुन्या गाठी तिथे अजिबात नाहीत असं नव्हे. पण असं शिखरच्या शिखर चुरगळलेलं क्वचित.)

तिसरा स्कॅन वेगळाच निघाला. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात शेकड्यांनी बारीक नोड्यूल, मध्यभागीच्या लसिकाग्रंथींच्या कडेने अंड्याच्या टरफलासारखा कॅल्शियमचा पापुद्रा. मॅडमनी रुग्णाच्या फॉर्मवरचा व्यवसाय पाहिला: फाउंड्री. सिलिकोसिस. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या ओतकामाच्या कारखान्यांतले कामगार मिरजेला येतात. वाळूची धूळ वर्षानुवर्षं श्वासात. मॉडेलने इतक्या खुणा केल्या की मुभा दिलेली कमाल संख्या संपली आणि यादी मध्येच तुटली.

यातली प्रत्येक खूण लूनाच्या व्याख्येप्रमाणे बरोबर आहे. ते नोड्यूलच आहेत. आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या माणसाला या यादीचा काडीचा उपयोग नाही.

४ सप्टेंबर

खोट्या खुणांची वर्गवारी मॅडमनी सांगितली, विद्यार्थ्याने लिहून घेतली. रक्तवाहिनीचा फाटा. पहिल्या बरगडीचं टोक, जिथे ती कूर्चेला मिळते आणि म्हाताऱ्या माणसांत आत डोकावते. मणक्याचे वाढलेले हाडाचे काटे. श्वासनलिकेत अडकलेला कफ. डायफ्रामचा घुमट. फुप्फुसाच्या दोन खंडांमधल्या फटीला टेकलेली त्रिकोणी, चपटी लसिकाग्रंथी. ही धोक्याची नसते आणि तिचा आकारच तिची ओळख सांगतो. शेवटी टीबीचे व्रण, सर्वांत मोठा गठ्ठा.

पहिल्या चार प्रकारांवर कठीण नकारात्मक उदाहरणांची पद्धत चालली. मॉडेल जिथे ठामपणे फसतं त्या जागा परत परत शिकवायच्या. बरगड्या आणि काटे लगेच कमी झाले. टीबीचे कमी होईनात, आणि जास्त रेटलं तर शिखरातले खरे नोड्यूलही गळायला लागले. ते धोक्याचं. फुप्फुसाचा कर्करोग वरच्या खंडात जास्त सापडतो, आणि जुन्या व्रणाच्या आसऱ्याने वाढलेला कर्करोग हा रेडिओलॉजिस्टला पडणाऱ्या वाईट स्वप्नांपैकी एक. शिखराकडे डोळेझाक करायला शिकलेलं मॉडेल इथे कोणालाच नको आहे.

छाटणी ६००वर ठेवल्याचा थोडा फायदा दिसतोय: पूर्ण कॅल्शियम भरलेल्या गाठी स्वतंत्र वर्ग म्हणून बऱ्यापैकी ओळखता येतात. त्या यादीच्या तळाला ढकलल्या, काढल्या नाहीत.

१८ सप्टेंबर

विसर्जनामुळे दोन दिवस प्रयोगशाळेत कोणी नाही. ट्रेनिंग चालू.

३० सप्टेंबर

कर्नलचा, म्हणजे रॉ डेटातून चित्र बनवायच्या गणिताचा प्रश्न. त्याच रुग्णाचा तोच स्कॅन मऊ आणि धारदार अशा दोन पुनर्रचनांत मागवला. धारदारमध्ये गोंगाट जास्त, कडा उठावदार; मॉडेल तिथे जास्त खुणा करतं आणि विश्वासाचे आकडेही वर जातात. माणूस तोच, क्ष-किरण तेच, फक्त गणित वेगळं. मऊ पुनर्रचना हीच एकमेव आत येणारी गोष्ट म्हणून बांधून टाकली. धारदार आली तर प्रोग्राम नकार देतो आणि कारण सांगतो. विद्यार्थ्याचं म्हणणं, दोन्हींवर शिकवू. शिकवू, नंतर.

१० ऑक्टोबर

मॅडमबरोबर दुसरी मोठी बैठक. मी सिलिकोसिससाठी सुचवलं: दोन्ही वरच्या भागांत ठरावीक संख्येपेक्षा जास्त बारीक नोड्यूल असतील तर यादी न देता एकच ओळ द्यायची, "बहुसंख्य बारीक नोड्यूल, दोन्ही बाजू, वरचा भाग". त्यांना पटलं, पण अर्धंच. सिलिका स्वतः कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये तिला पहिल्या गटात टाकलं. म्हणजे शेकडो निरुपद्रवी कणांमध्ये एखादा खराखुरा असण्याची शक्यता याच रुग्णांत जास्त. एका ओळीत सगळं गुंडाळलं की तो हरवला.

"मग तुम्ही तो कसा ओळखता?" विचारलं.

"मी जुना स्कॅन लावते. जो वाढलाय तो. बाकीचे मला मोजायचेच नाहीत."

रिपोर्ट लिहिताना त्यांचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, हे आता इतके दिवस शेजारी बसल्यावर लक्षात आलं. टीबीच्या शिखरावरही तेच: दोन वर्षं हललं नाही तर व्रण, हललं तर सुई (बायोप्सी). आपण जूनपासून जे शिकवतोय ते "इथे काय आहे" एवढंच. त्यांना हवंय "काय बदललं". अमेरिकेतल्या एनएलएसटी या ५३,४५४ माणसांच्या चाचणीत कमी डोसच्या सीटीने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले, हे सगळे सांगतात. त्याच चाचणीत सीटीवर संशयित ठरलेल्यांपैकी ९६.४ टक्के शेवटी कर्करोग नव्हता, हे कमी जण सांगतात. तेही जिथे टीबी दुर्मीळ, तिथे. सापडणं ही अडचण फार पूर्वीच मागे पडली आहे.

१७ ऑक्टोबर

बदल मोजायचा तर व्यास पुरत नाही. व्यास २६ टक्के वाढला की घनफळ दुप्पट. ६ मिमीचा नोड्यूल म्हणजे ११३ घनमिमी. ७ मिमीचा १८०. समजा १८० दिवसांत ६चा ७ झाला. दुप्पट होण्याचा काळ येतो साधारण २७० दिवस. नेल्सन या डच-बेल्जियन चाचणीत ४०० दिवसांच्या आतला काळ संशयित धरला होता, म्हणजे हा संशयित. आता तोच नोड्यूल दुसऱ्या वेळी ६.५ वाचला असता तर काळ जातो ५२० दिवसांवर, आणि रुग्ण निर्धास्त घरी. अर्ध्या मिलिमीटरचा खेळ. स्क्रीनवर माऊसने रेघ ओढून एवढी अचूकता माणसाला रोजच्या रोज जमत नाही, आणि ती त्याच्याकडून मागूही नये. इथे मशीनला खरं काम आहे.

त्यासाठी लागेल: दोन्ही स्कॅन एकमेकांवर बसवणं (श्वास कमी-जास्त घेतलेला असतो, डायफ्रामजवळ दोन-तीन सेंटीमीटरचा फरक सहज), दोन्हीकडचे नोड्यूल जुळवणं, आणि कडा आखून घनफळ. शेवटचं दोन्ही वेळी एकाच कर्नलवर आणि एकाच जाडीवर, नाहीतर वाढ पुनर्रचनेची असेल, गाठीची नाही. जुलैत तारखा सरकवल्या, पुसल्या नाहीत, त्याचा उपयोग आता.

२४ ऑक्टोबर

जोड्या शोधायला घेतल्या. एकाच माणसाचे दोन स्कॅन रुग्णालयात दोन वेगळ्या नंबरांवर, कारण दर भेटीला नवा केसपेपर. नावाचं इंग्रजी स्पेलिंग दर वेळी वेगळं. सीमेपलीकडून, बेळगाव-विजापूरकडून येणाऱ्यांच्या बाबतीत आणखी वेगळं. चावी रुग्णालयात असल्यामुळे हे जुळवणं त्यांच्याच माणसाने करायला हवं. रेकॉर्ड विभागातल्या एका ताईंनी मनावर घेतलंय. जुने स्कॅन ५ मिमीचे, नवे १चे, ही अडचण आहेच. अशा जोड्यांवर घनफळ द्यायचं नाही, फक्त "आधी होता / नव्हता / सांगता येत नाही".

१२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिली बैठक. खुणा केव्हा दाखवायच्या? विद्यार्थ्याला वाटतं स्कॅन उघडतानाच, वेळ वाचतो. मॅडमचा ठाम विरोध: आधी त्या वाचणार, त्यांचं मत नोंदवणार, मग बटण दाबून आमच्या खुणा. मी मॅडमच्या बाजूचा. अमेरिकेत मॅमोग्राफीसाठी अशी खुणा करणारी पहिली यंत्रणा १९९८ मध्ये मान्य झाली, देशभर पसरली, आणि २०१५ मध्ये मोठ्या अभ्यासातून दिसलं की तिच्यामुळे निदान सुधारलेलं नव्हतं. खुणा समोर असल्या की डोळा खुणांमागे जातो. जिथे खूण नाही तिथे "काही नसेल" असं वाटून जातं. वेळ वाचवायचाच तर तो वाचनात नको, मोजणीत वाचवू.

याचा एक फायदा आमच्यासाठी: मॅडमचं आधीचं आणि नंतरचं, दोन्ही मतं साठतात. एलआयडीसीत दोन टप्प्यांत केलं तेच, फक्त एका माणसावर आणि रोजच्या कामात.

२८ नोव्हेंबर

खूण दाखवायची की नाही, याचा उंबरठा कुठे ठेवायचा? लूनाची सात बिंदूंची सरासरी इथे निरुपयोगी. तिच्यात आठांश आणि ८ यांना सारखंच वजन, आणि आपल्याला तर एकाच बिंदूवर उभं राहायचं आहे. मॅडम दिवसाला छातीचे वीसेक सीटी पाहतात. स्कॅनमागे १ खोटी खूण म्हणजे दिवसाला वीस वेळा "नाही" म्हणायचं. ४ म्हणजे ऐंशी. ऐंशी वेळा नाही म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी न पाहताच म्हणायला लागतो. १ ठरला. त्यासाठी काही लहान नोड्यूल सोडावे लागतात, ते बहुतांशी ६ मिमीच्या खालचे. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजीतल्या संस्थेच्या २०१७ च्या शिफारशीत कमी जोखमीच्या रुग्णाच्या ६ मिमीखालच्या भरीव नोड्यूलला नियमित पाठपुरावा नाहीच, तेव्हा हा सौदा परवडतो. फाउंड्री कामगार कमी जोखमीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी उंबरठा वेगळा, आणि तो व्यवसायाच्या रकान्यावरून ठरणार. तो रकाना फॉर्मवर बऱ्याचदा रिकामा असतो. रिसेप्शनशी बोलायचं.

११ डिसेंबर

घनफळाच्या मोजणीची तपासणी. एका रुग्णाला दोनदा स्कॅन करून स्थैर्य पाहणं नैतिकदृष्ट्या शक्य नाही, विनाकारण किरणोत्सर्ग. म्हणून प्लास्टिकच्या फँटममध्ये (शरीराच्या नकलेत) ठाऊक व्यासाचे गोळे ठेवून मोजले. १ मिमीवर मोठे गोळे नीट, ५ मिमी व्यासाच्या आसपास चुकीचं प्रमाण वाढतं. त्याच्या खाली "वाढला" असं विधान प्रोग्राम करणार नाही, फक्त दोन्ही चित्रं शेजारी लावून देईल.

स्थानिक जोड्यांवर शिखरांचा गोंधळ अपेक्षेपेक्षा कमी झाला. व्रण दोन्ही स्कॅनमध्ये तसेच, तिथेच. जुळले की यादीतून आपोआप खाली. मॉडेलला टीबी ओळखायला शिकवावंच लागलं नाही.

२० डिसेंबर

समितीला सुधारित अर्ज दिला: आता जोड्या, आणि रुग्णालयाच्या चालू कामात चाचणी. मागणी फक्त दुसऱ्या वाचनाची; रिपोर्टवर आमच्या प्रोग्रामचं नाव किंवा आकडा येणार नाही. शोधणाऱ्या मॉडेलचं ट्रेनिंग थांबवलं, त्या व्हर्जनला हात लावायचा नाही. जानेवारीत स्कॅन एकमेकांवर बसवण्याचं काम. डायफ्रामजवळची जुळणी अजून निसटते, श्वास अर्धवट घेतलेल्या रुग्णांत जास्त. टेक्निशियन म्हणतात, मराठीत "श्वास घ्या, धरा" असं स्वतः मोठ्याने सांगितलं तर लोक नीट धरतात. मशीनमधली रेकॉर्ड केलेली सूचना हिंदीत आहे आणि फार घाईची. सूचना मराठी आणि कन्नडमध्ये रेकॉर्ड करून घ्यायची, कन्नडसाठी ताईंना विचारलंय. दुसरी डिस्क मागवली. नवीन पातळ स्कॅन आता रोज येतात, पहिली निम्म्याच्या वर भरली.